वर्गाचा फोटो कोणाचा?



पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वसंत ऋतू आला की आपल्याकडे विद्वान मंडळींची व्याख्याने होतात आणि आपण ती भक्तिभावाने ऐकतो. यंदा चालकांनी आमच्यासारख्या नववी पास माणसाला उभे केले आहे. आम्ही कामगार चळवळीत तीस वर्षे घालवली. आम्ही शिकलो ते पगाराच्या पावत्या वाचताना आणि कायद्याची पुस्तके उसनी आणून. तेव्हा आमच्याकडून तत्त्वज्ञानाची अपेक्षा ठेवू नये. विषयही साधाच घेतला आहे. हायस्कुलातला वर्गाचा फोटो कसा शोधावा, कसा मिळवावा आणि तो असतो कोणाचा, एवढेच सांगावयाचे आहे.

विषय ऐकून काही मंडळी हसली. हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण आपण प्रत्येकाने घरी जाऊन एक हिशेब करावा. आपल्या आईचा, लग्नाआधीचा, एक तरी फोटो घरात आहे काय? वडिलांचा, मिसरूड फुटण्याच्या वयातला? वाड्यातल्या मंडळींकडे असेल. बाकीच्या शंभर घरांपैकी किती घरांत निघेल ते आम्ही सांगत नाही, तुम्हीच मोजा.

फोटोची कला १८३९ साली फ्रान्सात जाहीर झाली आणि वर्षभरात हिंदुस्थानात पोहोचली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटीही निघाली. म्हणजे कला आपल्याकडे लवकर आली, पण गरिबाच्या उंबऱ्याशी यायला तिला शंभर वर्षे लागली. आणि आली तीही कशी? आमचे वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांचा एकच फोटो आमच्याकडे उरला आहे, गिरणीच्या पासावरचा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर अर्धा शिक्का. तो फोटो वडिलांसाठी काढलेला नव्हता, दरवाजावरच्या पहारेकऱ्यासाठी काढलेला होता. श्रमिकाचा फोटो बहुधा असाच निघतो. गेटपास, रेशनकार्ड, मतदानाचे ओळखपत्र, आधार, सगळीकडे कोणाला तरी आपल्याला ओळखायचे असते म्हणून. गरिबाच्या मुलाला चांगला सदरा घालून, केसांना तेल लावून, मित्रांच्या खांद्याला खांदा लावून कोणी उभे केले असेल, तर ते बहुधा एकदाच, हायस्कुलात, वर्गाच्या फोटोसाठी.

तो दिवस तुम्हांला आठवत असेल. पटांगणात बाक निघायचे. मधल्या खुर्च्यांवर मुख्याध्यापक आणि शिक्षक, पुढे मांडी घालून बसलेली मुले, कडेला किंवा मागे मुली, आणि सर्वांत शेवटी बाकावर चढलेले उंच गडी. पुढच्या मुलाच्या हातात पाटी, तिच्यावर खडूने इयत्ता, तुकडी आणि साल. फोटोग्राफर ओरडायचा, ‘कोणी हलू नका,’ आणि नेमका कोणीतरी हलायचा. महिनाभराने पुठ्ठ्यावर चिकटवलेली प्रत यायची, खाली ‘डावीकडून उजवीकडे’ म्हणून नावे छापलेली. पैसे मॉनिटर गोळा करी. ज्याने पैसे भरले त्याला प्रत मिळे. ज्याने भरले नाहीत तो फोटोत असे, पण फोटो त्याच्या घरी नसे. आजच्या सगळ्या व्याख्यानाचे मूळ या एका वाक्यात आहे.

आमचीच गोष्ट सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. आमचे वडील त्यांतलेच एक. वर्ष उलटायच्या आत बिऱ्हाड लालबागहून इकडे तळेगावी आले. आम्ही इथल्या भागात शाळेत दाखल झालो, नववी पास झालो, आणि दहावीच्या दिवाळीत, १९८५ साली, शाळा सोडून नगर रस्त्यावर शिक्रापूरला एका चहाच्या दुकानात कामाला लागलो. दिवसाला आठ रुपये.

जानेवारीत एका सकाळी शाळेवरून जात होतो. पटांगणात आमचाच वर्ग फोटोसाठी उभा होता. आम्ही कुंपणाजवळ थांबलो. वर्गशिक्षकांनी पाहिले आणि हाक मारली, ‘अरे, तिथे काय उभा राहिलास? ये, चढ बाकावर.’ सदरा चहाने डागाळलेला होता. म्हणून शेवटच्या रांगेत उभे केले, नुसते तोंड दिसेल असे. फोटो निघाला. प्रत बारा रुपयांना होती. बारा रुपये म्हणजे दीड दिवसाची मजुरी, आणि घरी आजारी वडील. आम्ही प्रत घेतली नाही. घेतली नाही याचे दुःख त्या वेळी झाले नाही. ते झाले चाळिशीनंतर, जेव्हा आमच्या मुलाने विचारले, ‘तुम्ही माझ्याएवढे होता तेव्हा कसे दिसत होता?’

तरीही आम्ही शोधाला लागलो नाही. आपल्यासाठी माणूस हलत नाही. हललो ते दुसऱ्याच्या कामासाठी.

२०१९ च्या उन्हाळ्यात एक मुलगी आमच्या युनियनच्या कचेरीत आली. तिची आई सणसवाडीच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर, पॅकिंगमध्ये होती. आजाराने गेली. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे, त्यामुळे पैसे अडलेले. अशी प्रकरणे आम्ही शेकड्यांनी पाहतो. आम्ही म्हटले, आईच्या शाळेचा दाखला आण. शाळेच्या जनरल रजिस्टरात माहेरचे नाव, जन्मतारीख, सगळे असते. ते रजिस्टर शाळेला कायम जपावे लागते, आणि त्यावरून दाखल्याची दुसरी प्रत मिळते. दाखला मिळाला, इतर कागद जोडले, काम पुढे सरकले. जाता जाता ती मुलगी म्हणाली, ‘काका, शाळेत आईचा फोटो पण असेल का? आमच्याकडे तिचा गेटपासवरचाच आहे, आणि त्यात ती ओळखू येत नाही.’

आम्ही तिला ‘बघू’ म्हटले. युनियनवाल्याचे ‘बघू’ काय असते ते तुम्ही जाणताच. पण या वेळी खरोखरच बघायला निघालो, आणि त्या शोधात जे शिकलो ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट. दाखला आणि फोटो यांत फरक आहे. दाखल्याला रजिस्टर आहे, नियम आहे, जबाबदार कारकून आहे. फोटोला यांतले काहीच नाही. अमेरिकेत हायस्कुले दर वर्षी ‘इयरबुक’ नावाचे पुस्तक छापतात. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र फोटो आणि नाव. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यांचे संच ठेवतात. पुष्कळ जुनी पुस्तके आता इंटरनेटवरही पाहायला मिळतात. तिकडे आजीचा फोटो हवा असेल तर पुस्तक शोधावे लागते. आपल्याकडे माणूस शोधावा लागतो. शाळेचे वार्षिक अंक आणि रौप्य वा सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिका आपल्याकडेही निघाल्या, त्या जरूर पाहाव्या. पण त्यांत फोटो असतात ते पाहुण्यांचे, देणगीदारांचे आणि पहिल्या आलेल्यांचे. सदतिसाव्या नंबरची मुलगी त्यात सापडत नाही.

मग शोधायचे कोठे? आम्ही आधी शाळेत गेलो. एका शाळेत असे कळले की, भिंतीवरचे सगळे फोटो रंगकामाच्या वेळी उतरवले, सामानाच्या खोलीत ठेवले, आणि वाळवीने बाकीचे काम केले. तिथल्या शिपायाला आमच्याइतकेच वाईट वाटले. नंतर फोटोग्राफरकडे गेलो. स्टुडिओ बंद, मालक निवर्तलेले, मुलगा मोबाइलच्या धंद्यात. निगेटिव्ह? पोतीच्या पोती भंगारात गेली. फिल्मवर चांदी असते, ती काढून घेणारे लोक वजनावर फिल्म विकत घेत असत. त्याआधीच्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन त्या काचा लोकांनी तसबिरींना लावल्या. कितीएक वर्गांचे चेहरे अशा रीतीने चार पैशांच्या चांदीत वितळून गेले.

तेव्हा अनुभवाने सांगतो. शाळेत आणि स्टुडिओत जरूर विचारा, पण भरवसा घरांवर ठेवा. पहिले घर शिक्षकांचे. फोटोची एक प्रत वर्गशिक्षकांना फुकट मिळत असे, आणि शिक्षक माणूस कागद टाकीत नाही. दुसरे घर वर्गातल्या त्या मुलाचे, ज्याच्या वडिलांचे दुकान होते. त्याने प्रत घेतलेलीच असते. तिसरे घर मुलींच्या माहेरचे. मुलगी सासरी जाताना भांडी नेते, फोटो आईच्या ट्रंकेत राहतो. चौथे, त्या वर्षीचे इतर फोटो: स्नेहसंमेलन, खो-खोचा संघ, सहल, एनसीसी. वर्गाच्या फोटोत नसलेला मुलगा खो-खोच्या फोटोत ढाल धरून बसलेला सापडतो. आणि जाताना ‘फोटो आहे का?’ एवढेच विचारू नका, उत्तर ‘नाही’ असेच येते. इयत्ता सांगा, तुकडी सांगा, साल सांगा, दोन नावे घ्या. मग घरातली म्हातारी म्हणते, ‘थांबा हं, माळ्यावर एक गाठोडे आहे.’

इतिहासाचार्य राजवाडे असेच हिंडले. वाईला सापडलेल्या कागदांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि पुढे माळ्यामाळ्यांवरची दप्तरे शोधत त्यांनी बावीस खंड काढले. आपले तळेगाव सरदार ढमढेऱ्यांचे गाव. सरदारांचा इतिहास लिहायला दप्तरे आहेत, सनदा आहेत. पण वेळ नदीच्या काठच्या शेतमजुराचा आणि पुढे एमआयडीसीत गेलेल्या त्याच्या मुलीचा इतिहास लिहायला बसलात तर हाताशी काय आहे? एक जनरल रजिस्टर आणि एक वर्गाचा फोटो.

आम्हांला त्या बाईंचा फोटो शेवटी हडपसरला सापडला. त्यांचे शिक्षक, तेच आमचेही वर्गशिक्षक, निवृत्त होऊन तिथे राहत होते. वय ऐंशीच्या पुढे. पलंगाखालची सुटकेस ओढून काढली, तर आत वर्षावर्षाचे पुठ्ठे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. ती मुलगी आमच्याबरोबर होती. १९९० सालचा फोटो हाती येताच तिने एका चेहऱ्यावर बोट ठेवले: ‘ही आई!’ चेहरा खरोखरच त्या मुलीसारखा होता. आम्हांलाही पटले. पण सरांनी चष्मा लावून खालची नावे मोजली आणि म्हणाले, ‘नाही बेटा, ही नव्हे.’

आता काय करावे? छापील यादीतही चुका असतात. एखादी मुलगी ऐन वेळी जागा बदलते, मग डावी-उजवी सगळी घसरते. आम्ही त्या फोटोची नक्कल घेतली आणि त्या वर्गातल्या तीन बायकांना वेगवेगळी दाखवली, एक तळेगावात, एक न्हावऱ्याला, एक दौंडला. आधी कोणालाही काही सांगितले नाही. तिघींनीही एकच चेहरा दाखवला, सरांनी मोजलेला. मुलीने निवडलेली मुलगी दुसरीच निघाली.

ते तिला सांगणे कठीण गेले. आठ दिवस तिने तो दुसराच चेहरा मोबाइलवर लावून ठेवला होता. क्षणभर असेही मनात आले की, राहू द्यावे, तिचे समाधान झाले आहे ना? पण आम्ही जन्मभर खोट्या हजेरीपटाविरुद्ध भांडलो. एकीच्या नावावर दुसरीला उभे करणे आम्हांला जमले नाही. आम्ही सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग खरा चेहरा मोठा करून पाहत राहिली, आणि म्हणाली, ‘आईने दोन वेण्या घातल्यात, रिबिनीसुद्धा लावल्यात.’ एवढेच.

म्हणून ही दुसरी गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चेहरा ओळखायचा तर एका साक्षीदारावर जाऊ नका, आणि साक्षीदाराच्या तोंडी नाव घालू नका. अलीकडे पुसट फोटो ‘स्वच्छ’ करून देणारी यंत्रे निघाली आहेत. ती पुष्कळदा नाक-डोळे आपल्या मनाने भरतात. फोटो सुंदर होतो, पण माणूस दुसराच होतो. तसे केले तरी मूळ नक्कल न बदलता वेगळी ठेवा.

नक्कल कशी घ्यावी तेही सांगतो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेबरोबर निघून येतो. काचेसकट फोटो घ्या. ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन करू नका. स्कॅनर असेल तर इंचाला सहाशे ठिपके ठेवा. नसेल तर ओसरीच्या सावलीत, फ्लॅश न लावता, मोबाइल फोटोच्या बरोबर समोर धरा. पाठचीही नक्कल घ्या, कारण शिक्का आणि तारीख तिथे असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि मागच्या रांगेची तोंडे पुसली जातात. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि मूळ फोटो ज्याचा त्याला त्याच दिवशी परत करा. एकदा ‘उद्या देतो’ म्हटले की त्या आळीत पुन्हा कोणी ट्रंक उघडत नाही.

एक इशाराही देतो. फोटोत मुली असतात, आज त्या कोणाच्या आया, आज्या आहेत. आपला किंवा आपल्या माणसाचा फोटो मागणे हा आपला अधिकार. पण दुसऱ्या कोणा बाईचा चेहरा कापून, नाव-पत्ता घालून चव्हाट्यावर लावणे हा कोणाचाच अधिकार नव्हे. शाळेने कोणा अनोळखी माणसाला फोटो देण्याआधी ‘तुमचे नाते काय?’ असे विचारले, तर रागावू नका. तिने विचारलेच पाहिजे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हा फोटो कोणाचा? आम्ही वकील नव्हे, पण १९५७ सालचा कॉपीराइट कायदा आम्ही वाचला आहे. त्याचे सतरावे कलम असे सांगते की, मोबदला देऊन ज्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले जाते, तो, उलट करार नसेल तर, त्याच्या हक्काचा पहिला मालक. म्हणजे पुष्कळदा फोटोग्राफरसुद्धा मालक नव्हे. सांगितले शाळेने, पैसे दिले मुलांनी. कायद्याने त्यातून काय ते ठरवावे. आमच्या मते मात्र ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांनीही काही दिलेच होते. त्यांनी आपला चेहरा दिला होता. मागची रांग काढून टाकली तर त्याला वर्गाचा फोटो म्हणता येईल काय? कारखान्यात माल तयार होतो तो सर्वांच्या हातून, आणि नेतो तो एकटा. ही गोष्ट आम्ही तीस वर्षे गेटवर सांगत आलो. इथे तर भांडण्याचेही कारण नाही. माल वाटून दिला की मूळ माल कमी होतो, फोटोची नक्कल केली तर मूळ फोटो तेवढाच राहतो. ज्याच्याकडे आहे त्याचे काही जात नाही. मग ज्याच्याकडे नाही त्याला का मिळू नये?

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. या व्याख्यानमालेच्या चालकांनी आणि गावातल्या शिक्षकांनी मिळून वर्षातले चार रविवार ठरवावे. ज्यांच्या घरी वर्गाचे फोटो आहेत त्यांनी ते घेऊन यावे, तिथेच नक्कल व्हावी, तिथेच मूळ परत मिळावे. चार म्हातारी माणसे बाजूला बसवावी आणि त्यांनी नावे सांगावी. सांगणारा कोण तेही लिहावे. जुन्या अकरावीची मंडळी आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. चेहरा काचेत टिकेल, नाव मात्र त्यांच्याबरोबर जाईल. आणि नियम एकच असावा. पहिली छापील प्रत त्याच्या घरी जावी, जो फोटोत आहे आणि ज्याने त्या वेळी पैसे भरले नव्हते. तिचा खर्च बाकीच्यांनी वाटून घ्यावा. दहा-वीस रुपयांत आज प्रत निघते.

आमच्या फोटोचे काय झाले, असे कोणी विचारील. त्याच सुटकेसमध्ये १९८६ चा पुठ्ठा होता. शेवटच्या रांगेत, उजवीकडून तिसरे, आमचे तोंड. खाली नावे वाचली. आमच्या जागी नाव नव्हते. दोन्ही बाजूंची नावे सलग छापलेली, कारण यादी पटावरून केली होती आणि पटावरून आमचे नाव दिवाळीतच कमी झाले होते. आम्ही हसून म्हटले, ‘सर, आम्ही यात आहोतही आणि नाहीही.’ सरांनी पुठ्ठा मागून घेतला, उलटा केला, उशाखालून पेन्सिल काढली आणि थरथरत्या हाताने आमचे पूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासह. मग म्हणाले, ‘त्याच वेळी लिहायला हवे होते. राहून गेले.’

त्या फोटोची नक्कल आज आमच्या घरी आहे, दोन्ही बाजूंची. आपल्या गावात अशी राहून गेलेली नावे पुष्कळ आहेत, आणि पेन्सिल धरू शकणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. येत्या रविवारी सुरुवात करू या.